वीस अंशांवर

थुरिंगियाच्या जंगलात, काचेच्या त्या गावी,
रोझविटा आइशहोर्न सकाळी आधी थर्मामीटर बघते,
मग माणसांकडे.
खोली वीस अंशांवर हवी.
पाण्याची प्रकृती तोळामासा,
अंशभर चढला की फुगतं.
काचही फुगते, पण आपल्या हिशेबाने,
आणि दोघांचं जमत नाही.

बाहेर बर्फ. पाणी कालच आत आणून ठेवलंय,
रात्रभरात खोलीशी ओळख व्हावी म्हणून.

टीलो नवा. सतरा वर्षांचा, ताडमाड,
ब्युरेटची रेघ उभ्यानेच वाचतो:
"चोवीस पूर्णांक नऊ."
ती काही बोलत नाही. पायाने स्टूल बाजूला सारते.
त्याला गुडघे टेकावे लागतात
पाण्याशी नजर समांतर होईपर्यंत.
काचेला धरून कडेकडेने वर चढलेलं पाणी
मध्ये खोलगट, झोळीसारखं.
"चढलंय त्याच्याकडे नको बघूस.
तळ कुठे टेकलाय?"
"पंचवीसवर."
"मग पंचवीस लिही."

तिचा बाप खानावळीत दारू ओतायचा,
ग्लासाकडे न बघता, गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघत.
हे तिने एकदाच सांगितलं, हसता हसता,
आणि लगेच तराजूचं दार लावून घेतलं.

गुरुवारी पिपेट.
टीलोने रबरी फुगा दाबून
टोकाशी अडकलेला थेंबही बाहेर काढला,
अगदी प्रामाणिकपणे.
तराजू म्हणाला, जास्त.
"पण मी मागे काहीच ठेवलं नाही!"
"तेच चुकलं.
तो थेंब मागे राहणार,
हे धरूनच रेघ मारली आहे.
टोक भिंतीला टेकव, पंधरा मोज, उचल.
फुंकायचं नाही, झटकायचं नाही."
मग पुसता पुसता, स्वतःशीच:
"कमी दिलं की सगळ्यांनाच कळतं.
जास्त देणंही मापात पापच."

शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस. एकेचाळीस वर्षं.
आलुबुखारचा केक, कुणीतरी सुरीने
डोळ्यांच्या अंदाजाने कापलेला,
तिला सगळ्यात लहान तुकडा आला.
भाषण मालकाने कागदावरून वाचलं.
चारला ती कोट घालून निघाली.

भिंग टेबलावरच.
मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेलं,
पट्टीवर तिच्या अंगठ्याचा खळगा.
टीलो ते उचलून धावला, दार उघडलं.
चढावर ती, बस अजून आली नव्हती,
हाक पोचली असती.
तो उंबऱ्यात थांबला.
ओठ हलत होते त्याचे,
अकरा, बारा, तेरा.

मग आत आला.
दार उघडं राहिल्यामुळे
खोली अठरावर उतरली होती.
आता दोन तास तरी
पाण्याला हात लावता येणार नव्हता.