झेंडी

मंडईचा दिवस. धान निघालेल्या बांधीत सामना,
बोथली विरुद्ध चिखलगोंदी.
मधला धुरा फोडून केलेलं मैदान
पूर्वेकडे वीतभर उतरतं,
म्हणून पहिल्या अर्ध्यात चेंडू आपसूक तिकडे जायचा
आणि आम्ही म्हणायचो, काय खेळतेत आपली पोरं!
दुसऱ्या अर्ध्यात
तो उतार आम्हाला एकदम दिसू लागला.

बक्षीस बोकड.
शाळेच्या बोरिंगला बांधलेला,
दोन्ही गावांकडे सारखंच बघत रवंथ करणारा.
निःपक्ष असा त्या दिवशी तो एकटाच.

मी रेषेवर. तुराटीला बांधलेली झेंडी,
वहिनीच्या जुन्या लाल परकराची.
पंच सिंदेवाहीचे मास्तर, डोळ्यांवर ऊन घेऊन.

एक-एक बरोबरी. शेवटचा कॉर्नर.
कवडू नन्नावरे उडाला,
चेंडू त्याच्या कशाला तरी लागला
आणि आत.
जाळं नव्हतंच. चेंडू सरळ लाखोळीच्या पिकात.

या अंगाचे पाचशे : छाती!
त्या अंगाचे चारशे : हात! हात!
कोणीच खोटं बोलत नव्हतं,
गळ्याच्या शिरा खोट्यासाठी एवढ्या फुगत नाहीत.
मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

आता सांगतो.
मला ना हात दिसला, ना छाती.
मला निळी जर्सी दिसली,
जिच्यावरचा नऊ आकडा
आदल्या रात्री मीच काढला होता, कंदिलाशी बसून,
शेपटी जरा वाकडी.
झेंडी खालीच राहिली.

चिखलगोंदीच्या एका पोराच्या मोबाइलात सगळं होतं.
काचेला तडा,
तडा नेमका कवडूच्या खांद्यावरून गेलेला.
सतरा वेळा पाहिलं.
तड्याच्या डावीकडे त्यांना हात सापडला,
उजवीकडे आम्हाला छाती.

संध्याकाळी पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता
कवडूच बोलला,
‘हातालेच लागला गा माह्या.’
घोटणं थांबलं.
मग भिवाजी श्रीरामे म्हणाला,
‘तुले काय समजते बे? तू त हवेत होता.
आमी पाह्यलं ना!’
सगळे हसले.
कवडूने आपला हात पाहिला, उलटा, सुलटा,
जसा कोणी उसना दिलेला.
‘असन बी छातीले,’ म्हणाला.

रात्री घरोघर वाटे आले. माय जेवली नाही.
चिखलगोंदी तिचं माहेर,
गोलात उभा होता तो तिचा भाचा.
‘हात होता,’ एवढंच.
‘तू तिकडची म्हणून तुले हात दिसला.’
‘अन तुले काहून नाई दिसला?’
मी रस्सा ओरपत राहिलो.
तिला खरंच दिसला असेल
किंवा भाच्याचं पडलेलं तोंड दिसलं असेल,
मला कसं कळावं?
मी तर तिथेच उभा होतो, दहा पावलांवर.

मग नाटक पाहायला गेलो.
दोन्ही गावं एकाच ताडपत्रीवर, गुडघ्याला गुडघा.
तिसऱ्या अंकात निर्दोष भावाला घराबाहेर काढलं
तेव्हा नऊशे जण एकाच जागी रडले.
पडदा एकाच बाजूने उघडतो, त्याचं हे असेल.

सकाळी दवाने फक्कीच्या रेषा विरल्या होत्या.
माय अंगणात बसून
तुराटीवरचं लाल फडकं सोडत होती. काही बोलली नाही.
आता ती त्याने चुलीवरचं गंज उतरवते.
दिवसातून दोनदा तरी
उचलली जाते झेंडी.