क्रम किंचित बदलला

अकरा दिवस यारमिला माझ्याशी बोलली ते
बटाटे, वीजबिल आणि मांजराच्या औषधाबद्दल.
फोन आला की बाल्कनीत जायची,
उणे चार अंशांत, माझे मोजे घालून.
बावीस वर्षांच्या संसारात
माणसाच्या मनात जे येतं ते आलं.
ब्रनोच्या डेपोत ट्रामच्या दारांना ग्रीस लावताना
मी त्या परक्याला चेहराही देऊन टाकला होता.

बाराव्या रात्री तिने आपणहून सांगितलं,
तेही अर्धंच:
"तुझ्या ट्राममध्ये तपासनीस तिकीट बघतो,
खरं आहे म्हणतो, पंच काढायला खिशात हात घालतो.
तेवढ्यात कुणी तिकीट बदललं तर?"
इतका वेळ कुणाला मिळतो, मी म्हटलं.
"यंत्राला मिळतो.
त्याच्या हिशेबात ती दुपारची झोप आहे."

बघणं आणि मानणं, यांच्या मधली फट.
चौदा वर्षं उघडी.
तिच्यातून पाहुणा म्हणून शिरावं
आणि घरमालक होऊन बसावं.
मोंतेव्हिदेओच्या एका विद्यार्थिनीला ती सापडली
आणि तिने विकली नाही.
विकली असती तर पोरीचं घर झालं असतं,
हे यारमिला दोनदा म्हणाली.

ती ओळ कुणी लिहिली, मी विचारलं.
तिने पडदा माझ्याकडे वळवला.
फेब्रुवारी, पहाटेचे तीन दहा, तिचंच नाव.
ती रात्र मला आठवते.
ओन्द्राला ताप होता, आम्ही पाळीपाळीने जागत होतो.
तिची पाळी संपली होती
आणि मला उठायला उशीर झाला होता.
मी काही बोललो नाही.
तीही.

दुरुस्ती तीन ओळींची:
आधी कडी, मग तिकीट, मग पंच,
कडी सगळ्यात शेवटी काढायची.
दोन दिवस गेले ते खालचं टिपण लिहिण्यात.
खरं लिहावं तर चोरही वाचतात.
शेवटी लिहिलं: क्रम किंचित बदलला.

बुधवारी बाराला सगळ्यांनी एकदम, असं ठरलं होतं.
मंगळवारी रात्री कुणाला तरी वास लागला.
आमच्या गावी मोठ्या देवळात
बाराचे टोल अकरालाच पडतात;
वेढा घालून बसलेल्या स्वीडिश फौजेला
एकदा असं फसवलं होतं म्हणे,
तेव्हापासून ते घड्याळ कुणी सुधारलेलं नाही.
बाराव्या टोलाला तिने कळ दाबली.
मग भांडी घासली. सगळी. स्वच्छ होती तीसुद्धा.

सोमवारी डेपोत एका ट्रामच्या पडद्यावर प्रश्न उभा:
पुन्हा सुरू करू? आता, की नंतर?
रादिमचं बोट सवयीने 'नंतर'कडे निघालं.
मी त्याचं मनगट धरलं.

गाडी सहा मिनिटं उशिरा सुटली.
नोंदवहीत कारण लिहायचं असतं.
मी लिहिलं:
दार नीट लागत नव्हतं.