किती पाण्यात

कुठली मालिका किती पाण्यात आहे
ते मला विचारा.
नेब्रास्कातल्या ओटो क्रीकच्या पंपघरात
अडतीस वर्षं रात्रपाळी केली मी, एर्विन कुचेरा,
आणि टीव्ही म्हणाल तर
देवाशपथ, कधी धड पाहिला नाही.

माझ्यासमोर एकच तबकडी. काचेमागे काटा.
साठावर स्थिर, झोपल्यासारखा.
खाली गावातल्या खिडक्या निळ्या,
रस्त्यावर कुत्रंदेखील नाही,
आणि जाहिराती लागल्या रे लागल्या
की सगळं गाव एकदम उठायचं.
अठ्ठावन्न. चोपन्न. एकोणपन्नास.
मी दुसरा पंप सुरू करायचो
आणि वहीत लिहायचो वेळ.

काउबॉयच्या मालिकांना काटा सहा घरं उतरे.
खुर्चीतून न उठता जगाला शिव्या घालणारा
तो बाप आला सत्तरच्या पुढे,
त्याला नऊ.
बातम्यांना कोणी उठत नसे.
चंद्रावर माणूस उतरला त्या रात्री
तासभर काटा जागचा हलला नाही,
अख्ख्या गावाने लघवी रोखून धरलेली;
मग बावीस घरं खाली!
हॉलस्ट्रॉमसाहेब पायजम्यावर धावत आले,
म्हणाले, पाइप फुटला की काय?

आणि सरोवरकाठच्या हवेलीतल्या त्या विधवेला
जिन्यावरून कोणी ढकललं
हे कळायचं होतं तो शुक्रवार.
तेव्हा मी आधीच तिन्ही पंप लावून बसलो होतो.
शिकलो होतो ना.

गोष्ट मला सकाळी कळायची.
व्लास्ता अंडी तळता तळता सांगायची,
कोण कोणाला काय म्हणालं,
आवाज काढून, उलथनं हलवून.
ढकललं कोणी? कोणी नाही, ती म्हणाली,
पाय घसरला बाईचा. आणि वाचली ती,
काठी घेऊन चालते आता.
मला जरा नवल वाटलं.
एवढ्याशा गोष्टीसाठी तीन पंप?
पण अंडी गरम होती, झोप आलेली.

ती गेल्यावर
पुतण्याने मला मोठा टीव्ही आणून दिला,
जुनं सगळं त्यात पुन्हा लागतं.
काउबॉय बघितले, बाप बघितला.
मग आली ती हवेली, तो जिना.
धाकट्या दिराने ढकललं.
बाई जागच्या जागी मेली.

मग मी एकेक तपासत गेलो,
तिने सांगितलेलं आणि पडद्यावरचं.
इस्पितळातला तो पोरगा शुद्धीवर येत नाही.
खाणीत अडकलेले अकराच्या अकरा तिथेच राहतात.
व्लास्ताने सगळ्यांना वर काढलं होतं,
नावानिशी, घोंगड्यांत गुंडाळून,
माझ्या ताटासमोर.

मागे मागे जात राहिलो.
सदुसष्टपर्यंत तिच्या गोष्टींत
माणसं व्यवस्थित मरत होती.
अडुसष्टच्या मार्चमध्ये
व्हिएतनामहून मिलोशची तार आली.
त्यानंतर एकही नाही.
अठ्ठावीस वर्षं एकही नाही.

पंपघरात आता ट्रिसेला नावाची मुलगी असते.
परवा गेलो होतो. तबकडी गेली,
पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ चाललेली.
विचारलं, आता सगळ्यात जास्त काय बघतात गं लोक?
ती म्हणाली, काय माहीत, आजोबा,
ज्याचं त्याचं, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा.
मी स्वतः इथे फोनवर बघते.
रेघेवर काही उमटत नाही.

आज रात्री पुन्हा हवेली लागली आहे.
विधवा जिन्याच्या वरच्या पायरीवर आली
आणि जाहिरात लागली.
मी उठलो. स्वयंपाकघरात गेलो.
नळ सोडला,
पेला भरला, तरी सोडून ठेवला,
आतून आवाज आला, संगीत वाढलं, कोणीतरी किंचाळलं,
मी पाण्याकडे बघत होतो.