आमिष

गेल्या साली बोट उतरवायचो ती काँक्रीटची उतरण
यंदा पाण्यापासून चाळीस पावलं लांब पडलीये, कोरडी.
तिच्यापुढे नवी ओतली. तिच्याहीपुढे लोखंडी पत्रे टाकलेत.
तळं खाली सरकतं, आम्ही त्याच्या मागे मागे.

पहाटेचे साडेचार. इडालिना सिल्वेरा, वय एकाहत्तर,
कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून आलेली, अंगात दोन स्वेटर.
सोबत भाचा, गॅरेट. त्याने सगळे व्हिडिओ पाहिलेत.
"मी लेव्हर्न. जॅकेट घाला. बादली मागे आहे, पडदाही आहे."
बाई हसली. भाचा नाही.

तांबड्या कड्यांवर पांढरा पट्टा,
टबातलं पाणी सोडल्यावर कडेला राहतो तसा,
पण दहा मजली.
"हे काय?" भाचा विचारतो.
मी दहावीत होते तेव्हा पाणी तिथे होतं, मी सांगते,
आणि तो वर बघून मोबाइल काढतो.

दरीच्या तोंडाशी इंजिन बंद केलं.
स्क्रीनवर साठ फुटांवर पिवळे ठिपके, दाट, हलते.
मी गोठलेल्या अँकोव्हीचा डबा उघडला
आणि बाईने तो माझ्या हातातून घेतला,
उलटा करून छाप वाचला.
"हा आमचा कारखाना."
एकतीस वर्षं तिने हेच भरलं, बर्फात बोटं घालून,
आणि पुढे त्याचं काय होतं ते कधी पाहिलं नाही.
सुरी मागितली. तिरका काप, एका माशाचे तीन तुकडे,
एकही वाया नाही.
मी आपली सरळ कापते, बोथट सुरीने, घाईत.
माझे तुकडे तिने बघितले. बोलली नाही काही.
मी ते मूठ मूठ पाण्यात फेकले, मासे जमवायला.

हे पट्टेरी बास मुळात समुद्राचे, मी माझं रोजचं पाठ म्हटलं.
माझ्या जन्माआधी कोणीतरी ट्रकमधून आणले, बोटाएवढे.
म्हणाले, इथे ते वाढतील, पण वंश चालणार नाही,
त्यांना लांब वाहती नदी लागते.
माशांना हे कुणी कळवलं नाही.
आता हवे तितके न्या, मोजदाद नाही.
समुद्र यांच्यातल्या एकानेही पाहिलेला नाही.
(मीही नाही. हे पाठात नसतं.)
"मग यांना ही चव कशी कळते?" भाच्याने विचारलं.
बाईने अंगठा चाटला.

तेवढ्यात डावीकडे पाणी उकळलं.
खरंच उकळलं, आधण आल्यासारखं,
खालून बास, वर उडणारी चिमुकली शॅड, त्यावर पक्षी.
भाच्याने जिवाच्या आकांताने गळ फेकला
आणि तंगूस स्वतःच्याच टोपीत गुंतवला.
मी गाठी सोडवत बसले, पाणी निवलं.
बाईने जागेवरून हलता आपला दोरा
सरळ खाली सोडला होता. रीळ किरकिरलं.

चार पौंड. डोकं मोठं, पोट आत गेलेलं, यंदा शॅड कमी.
अंगावर सात रेघा, वहीला असतात तशा,
एक मधेच तुटलेली.
दहापर्यंत सव्वीस झाले. भाच्याचे तीन.

धक्क्यावर टेबलाशी मी साफ करायला घेतले.
आमच्यातली जुनी माणसं मासे खात नाहीत,
पाण्यातल्या जिवाला हात लावत नाहीत.
मी खात नाही. पकडून देते, चिरून देते,
घराचं भाडं एक तारखेला असतं.
पहिल्याच्या पोटातून अख्खा तुकडा निघाला,
चांदी अजून शाबूत.
बाई वाकली, चष्मा वर केला.
"हा माझा नव्हे," ती म्हणाली. "हा तुझा."

संध्याकाळी गाडीत हाताला तोच वास.
पेट्रोल पंपावर साबण लावला, घरी लिंबू चोळलं,
मग अर्धं लिंबू
सिंकच्या कडेला तसंच ठेवून दिलं.