कूलरातला गुलाल

बारा वाजता कॉम्प्रेसर पुन्हा मेला.
मेला म्हणजे मीच मारला.
काटा लाल पट्टीत घुसला
आणि करपट वास सुटला तेलाचा,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा.

खाली चाळीस फुटांवर, विहिरीच्या तळाला,
यल्लाप्पाच्या हातातला ब्रेकर गप्प झाला.
त्यानं वर बघितलं, विचारलं काही नाही.
तीन दिवसांत पाचव्यांदा, काय विचारणार?
तसंही यात्रेपासून तो बोलत नव्हता माझ्याशी.
ट्रॅक्टर माझ्या नावावर,
हप्ता दोघांच्या मानेवर.

सादळ्याचा काळा दगड तापला होता,
सल्ले मात्र गारेगार.
विहीरमालक पोवार म्हणाले, गोणपाट भिजवून टाक वर.
कुणी म्हणालं, रात्री चालव.
कुणी म्हणालं, विकून टाक.
पोवारांच्या सुनेनं पाण्याचा हंडा आणून ठेवला,
मी तो उचललाही,
तेवढ्यात उद्यमनगरातून हैदर शिकलगार आला
लुनावर, पिशवीत चार पाने, एक रंगाचा ब्रश.
चढावरूनच ओरडला,
"तापल्या डोक्यावर गार पाणी वतू नको मर्दा!
बिडाचं हेड हाय, तडकंल.
निवू दे आधी. चहा हाय का?"

मग आम्ही मोठ्या चाकाच्या सावलीत बसलो.
एक तास.
मशीन टिकटिकत होतं, आकसत होतं.
यल्लाप्पा खालीच बसून राहिला, दगडाला टेकून.

हैदर अधूनमधून उठायचा,
पाइपाला हात लावायचा, उलटा,
पोराचा ताप बघावा तसा.
"तळहात खोटं बोलतो," म्हणाला,
"त्याला सवय झालेली असती.
ह्याच्या आधी कुठं हुतं हे धूड?"

जोतिबाच्या पायथ्याला, मी म्हणालो.
चैत्र यात्रेत. दोन दिवस.
चाकाला दहा रुपये, हवा भरून द्यायची.
ट्रॅक्स, टेम्पो, छोटा हत्ती,
बैलगाडी सोडून सगळ्यांना हवा लागते.
सासनकाठ्या जात होत्या अंगावरून,
आकाश गुलाबी, कॉम्प्रेसरचा पंखा चालू,
आणि मी नोटा मोजत होतो.
(यल्लाप्पा म्हणाला होता, नको नेऊस.
मी म्हणालो होतो, तुझं डोकं किती, बोलतोस किती.)

हैदरनं जाळी काढली.
कूलरच्या पात्यांमध्ये नख घालून ओढलं,
नखावर घट्ट, तेलकट, गुलाबी लांबी.
"वारा जाणार कुठनं?
तुझी यात्रा अजून संपली न्हाई."

डिझेल आणि ब्रश. पुन्हा डिझेल.
मग तोच हंडा, आता चालतो म्हणाला,
पण पंख्याच्या बाजूनं नाही, पलीकडून,
वारा जिकडं जातो त्याच्या उलट.
आतलं सगळं उलट्या पावली बाहेर यायला लागलं.
काळ्या खडीवर गुलाबी ओघळ,
खडीवरून काठावर,
काठावरून थेंब थेंब खाली.

"रगत हाय काय रं?"
यल्लाप्पाचा आवाज. घाबरलेला.
तीन आठवड्यांनी.
"गुलाल हाय!" मी ओरडलो.
विहीर एकदा म्हणाली गुलाल हाय,
पुन्हा एकदा म्हणाली, अर्धवट.
मग बराच वेळ काही नाही.
मग खालून, पुटपुटल्यासारखं,
"चांगभलं."
हसला की चिडला, वरून दिसलं नाही.

पोवारांच्या घरातला शेंगतेलाचा रिकामा डबा
हैदरनं कात्रीनं उभा फाडला,
इंजिन आणि कॉम्प्रेसरच्या मध्ये आडवा बांधला.
"त्येचा गरम श्वास ह्यो घेत हुता
दिवसभर," एवढंच म्हणाला.

चार वाजता बेल्ट चढवला.
काटा चढला, थबकला,
लाल पट्टीच्या दोन बोटं खाली उभा राहिला.
खालून ब्रेकर सुरू झाला,
दगड बोलायला लागला.

हैदरनं तीनशे घेतले, लुनाला किक मारली.
एक वायसर उरलाय.
कुठला, ते त्यालाही सांगता आलं नाही.
माझ्या खिशात आहे तो,
थोडा गुलाबी.