शिक्क्याखालचा उजेड

दुपारी अडीचला वीज गेली
आणि अशोक चौकातल्या माझ्या स्टुडिओत
छत्र्या लावलेले दोन्ही दिवे नुसते सांगाडे झाले.
बाकावर राजव्वा बोद्दुल.
विडी कारखान्याच्या कार्डासाठी
तीन कॉपी, काळ्यापांढऱ्या, उद्याच द्यायच्या.
"लाईट कवा येतंय ओ?"
साडेपाचला, मी म्हटलं.
तिनं मनात मोजलं :
साडेपाचपर्यंत तीनशे विड्या.

मग म्हटलं, चला बाहेर.

बाहेर म्हणजे बोळ. एक गटार, एक बंद लुना,
आणि समोर रंगारी नरसय्याच्या बांबूंवर
नुकतंच पिळून टाकलेलं सूत,
हळदीच्या रंगाचं, लडीमागे लड, ठिबकणारं.
वर एप्रिल.
या उन्हात आम्ही फोटोवाले कुणाचं तोंड काढत नाही.
डोळ्यांच्या खाचा होतात, नाकाखाली मिशी उगवते,
नवरी असो की नगरसेवक.
व्यंकप्पा मास्तर म्हणायचे, ऊन म्हणजे फौजदार,
त्याच्यासमोर सगळेच चोर दिसतात.

तिला पत्र्याच्या सावलीत उभं केलं,
पाठीमागं दुकानाचं उघडं दार, आतला काळोख.
खिशात हात घातला तर मीटर आत टेबलावर.
म्हणून तळहात धरला तिच्या गालाशेजारी,
मास्तर धरायचे तसा, चार बोटं अंतर राखून.

तळहात पिवळा झाला.

ऊन सुतावर पडत होतं
आणि सूत ते गाळून, ओलं करून
तिच्या तोंडावर सोडत होतं.
कपाळावरचं गोंदण, उजव्या भुवईतली खोक,
तंबाखूच्या धुळीनं कडेला लाल झालेले डोळे,
काही लपलं नव्हतं
आणि काही चव्हाट्यावरही आलं नव्हतं.
वाऱ्यानं लड हलली
की उजेड गळ्यातल्या काळ्या मण्यांपर्यंत उतरायचा,
पुन्हा वर यायचा.
"काय बघालाव ओ? काढा की."

साठाला एक, आठवर.
एकदाच.
रोलमध्ये एकोणीस शिल्लक होते,
हात का आखडला कोण जाणे.
ती पदराच्या गाठीतून
सुटे पैसे काढत होती, म्हणून असेल.

रात्री लाल दिव्याखाली, ट्रेमध्ये
आधी मागचा काळोख वर आला, मग केस, मग बुबुळं,
गाल सगळ्यात शेवटी, उशीर करून.
पिवळं कुठंच नव्हतं.
मला मात्र दिसत होतं.

तशी नंतर पुष्कळ हिंडलो.
नान्नजच्या माळावर पहाटे कुसळांना आग लागलेली पाहिली,
गड्ड्याच्या संध्याकाळी पाळण्यामागून मावळता सूर्य,
सिद्धेश्वर तलावात उलटा पडलेला किल्ल्याचा बुरूज,
त्याला तर बक्षीस मिळालं.
तो भिंतीवर आहे. गिऱ्हाईक त्याच्याकडं पाठ करून
आरशात भांग पाडतं.

मागच्या महिन्यात तिचा मुलगा आला, अंबादास.
हारासाठी मोठा फोटो हवा.
घरात दुसरा नाही म्हणाला, हा एवढाच, आणि कार्ड पुढं केलं.
निगेटिव्ह मी शोधली. घाईत धुतलेली,
चट्टे पडून गेलेली.
कार्डावर अर्ध्या गालावरून, हनुवटीवरून
कारखान्याचा जांभळा शिक्का.
आमचा कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणाला, काढतो की शिक्का,
मागं निळं आभाळ टाकू?
नको, म्हटलं. आहे तेच राहू दे.

अंबादास बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला.
"अम्मा एवढी उजळ कशी ओ? सावळी होती की."
मी सांगितलं, समोर सूत वाळत होतं, पिवळं,
त्याच्यावरून उजेड आला.

त्यानं मान हलवली. मागावरचा माणूस.
मग माझ्याकडं वळून, अगदी कामाचं विचारावं तसं,
"कितीचा काउंट? वीस की चाळीस?"

मी म्हटलं, ते नाही बघितलं.

"बघायचं ओ," तो म्हणाला.