कडता

सुयोगने खोक्यातून काढून तो माझ्या तळहातावर ठेवला
तेव्हा आधी वाटलं, आत काहीतरी घालायचं राहिलंय.
तीन दिवस वापरा ताई, नाही पटला तर परत आणा,
फक्त खोक्यावरचं प्लास्टिक जपा.

माझा जुना दीड किलोचा. लांब भिंग लावलं की दोन.
बावीस वर्षं याच खांद्यावरून सांगलीतली लग्नं वाहिली,
आता तो खांदा मला वेणीसुद्धा घालू देत नाही.
डॉक्टर शिकलगार म्हणाले, वजन सोडा.
कुठलं, ते सांगितलं नाही.

आप्पांनी कॅमेरा घेतला, जरासा उडवला, झेलला.
मार्केट यार्डात चाळीस वर्षं हळद तोललेला हात,
पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणणारा माणूस.
"चारशेला वीस कमी," म्हणाले.
पुस्तिकेत खरंच तेवढंच लिहिलेलं.
मग विचारलं, "आणि कडता किती?"

कडता म्हणजे पोत्याचं, मातीचं, ओलीचं
आधीच वजा धरलेलं.

सांगत बसले.
डोळा लावायला खिडकी नाही, आप्पा.
मागचा पडदा उन्हात बघायचा तर
ओढणी डोक्यावरून घेऊन आत शिरावं लागतं
जुन्या स्टुडिओवाल्यासारखं.
बॅटरी अक्षतांपर्यंत पुरते, सप्तपदीला मान टाकते.
कार्डाला खाच एकच;
ते रुसलं तर कुणाच्या तरी पोरीचं लग्न
झालंच नाही असं होईल.
करंगळीला धरायला जागा नाही, ती आपली अधांतरी.
जुनी भिंगं लावायची तर मध्ये एक कडं,
मग अंग एवढंसं आणि नाक हे एवढं.

आणि एक, जे पुस्तिकेत नाही:
काल विश्रामबागच्या हॉलवर मुलाकडच्या मामांनी
मला दंडाला धरून बाजूला केलं,
"ताई, फोटोग्राफरला जरा जागा द्या."

आप्पा हसले नाहीत.
"काटा लहान असला की गिऱ्हाईकाचा विश्वास बसत नाही.
सोनाराकडं मात्र बसतो."

तिसऱ्या दिवशी हरिपूरला गेले.
संगमाकडच्या रानात एक पेव अजून धड आहे,
बाकीची पुराने गिळली.
हल्ली फोटोंचं पेव फुटलंय म्हणतात;
म्हणणाऱ्यांनी पेव पाहिलेलं नसतं.
माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, खाली अंधाराचा रांजण,
आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं.
इलाहीचाचांनी सोडला. विझला नाही.

मी पालथी पडले. पट्टा मनगटाला गुंडाळला,
डावा हात बगलेपर्यंत आत, पडदा वर वळवलेला.
जुन्याला हे जमलं नसतं.
जुन्याला डोळा लागायचा, आणि डोळ्यामागून सगळी मी.
खाली रमजू पोतं भरत होता, पाठीपर्यंत पिवळा,
आवाज झाला नाही म्हणून त्याने वर पाहिलं नाही.
बावीस वर्षांत माझ्यासमोर कुणी
पोट आत न ओढता उभं राहिलेलं आठवत नाही.

तिथेच भिंग बदललं. चुकलं माझं.
आतल्या काचेवर एक कण बसला,
हळदीचा, पण फोटोत दिसतो करडा.
तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या वरच्या कोपऱ्यात तो आहे,
आभाळात, भिंतीवर, इलाहीचाचांच्या टोपीवर.
सुयोग फुंकणीने उडवील, किंवा नाही उडवणार.
प्लास्टिक मी जपलंय.

संध्याकाळी आप्पांना ओट्यावर बसवलं.
त्यांनी टोपी नीट केली, पोट आत ओढलं,
वाट पाहिली, दमले, सोडलं.
कॅमेरा माझ्या मांडीवर होता, भाजीच्या पिशवीशेजारी.

"काढलास का गं?"
"काढला."
"मग मोज की."

बॅटरीची लाल खूण लुकलुकत होती.
"लाभ," मी म्हटलं.